खर्ड्याची लढाई जिंकून देणारे तासगावचे परशुरामभाऊ, लेकीच्या लग्नापुढे मात्र हरले

गणेशोत्सवात ऋषिपंचमीला तासगावात रथ निघतो. हजारो माणसं दोर ओढतात, गुलाल-पेढ्यांची उधळण होते आणि मागे सात मजल्यांचं गोपूर दिसतं. महाराष्ट्रात असं दाक्षिणात्य धाटणीचं गोपूर आलं कुठून? तर ज्याने हे देऊळ बांधायला काढलं, त्या माणसाचं अर्धं आयुष्य कर्नाटकच्या मोहिमांवर गेलं होतं.

त्यांचं नाव परशुराम रामचंद्र पटवर्धन. सगळे म्हणायचे परशुरामभाऊ.

पटवर्धन मूळचे कोकणातले, गणपतीपुळ्याजवळच्या कोतवड्याचे. आजोबा हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय. पण त्यांची मुलं पूजा सोडून घोड्यावर बसली आणि दोन पिढ्यांत मिरजेच्या आसपास घराण्याचा दबदबा तयार झाला. भाऊंचा जन्म १७४० चा. म्हणजे ते वाढले ते पंचांगाऐवजी तलवारीच्या घरात.

पटवर्धनांकडे जहागीर होती ती फौज बाळगण्यासाठी. तुंगभद्रेपलीकडून म्हैसूरचा हैदर वर सरकला की पहिला धक्का यांनाच. १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत भाऊंचे एक चुलतभाऊ कोन्हेरराव मारले गेले, दुसरे पांडुरंगराव हैदरच्या हाती लागले आणि कैदेतच गेले. घरातला कर्ता म्हणून आता सगळ्यांचे डोळे लागले भाऊंकडे.

त्यानंतर त्यांना उसंत अशी मिळालीच नाही. १७८१ ला इंग्रजांचा जनरल गॉडर्ड बोरघाटातून माघारी फिरला, तेव्हा त्याच्या फौजेचा पिच्छा पुरवणाऱ्यांत भाऊ होते. दहा वर्षांनी तेच इंग्रज मित्र झाले, कारण समोर टिपू होता. धारवाडचा वेढा भाऊंनी सहा महिन्यांहून जास्त चालवला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला घेतला.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणजवळून परत निघाला होता. सैन्य उपाशी, बैल मेलेले, मोठ्या तोफा स्वतःच निकामी केलेल्या. टिपूचे स्वार जासूद मधेच गाठत होते, त्यामुळे मराठे इतके जवळ आलेत याचा त्याला पत्ताच नव्हता. अचानक समोर भाऊ आणि हरिपंत फडक्यांची फौज उभी राहिली, सोबत धान्याने भरलेला बाजार घेऊन. भाव अर्थातच चढे होते, पण इंग्रजांचा जीव वाचला.

याच मोहिमेला एक डाग आहे. रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. पूजाअर्चा करणाऱ्या घराण्याच्या नावावर हे लागलं आणि आजही टिपूवर वाद निघाला की ही लूट आठवते.

मग आला मार्च १७९५. निजामाविरुद्ध खर्ड्याला सगळे मराठे सरदार एकत्र जमले आणि सेनापतिपद मिळालं पंचावन्नच्या भाऊंना. लढाईत लालखान नावाच्या पठाणाने त्यांना गाठलं, वार केला आणि घोड्यावरून खाली पाडलं. थोरला मुलगा हरिपंत जवळच लढत होता. बाप पडलेला पाहून तो लालखानावर तुटून पडला आणि त्याला तिथेच ठार केलं. बाप वाचला. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून तह करायला लावला. घरातल्या विठ्ठलरावांना मात्र याच लढाईत मरण आलं.

पण या माणसाची सगळ्यात अवघड लढाई घरात झाली.

भाऊंची एक मुलगी अगदी लहान वयात विधवा झाली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बालविधवेपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. केशवपन, आलवण आणि उरलेला जन्म कोपऱ्यात. भाऊंनी तिचं पुन्हा लग्न लावायचं मनावर घेतलं. शास्त्राचा आधार मिळतो का, म्हणून पंडितांकडे विचारणा केली. हा अठराव्या शतकातला विचार आहे, विधवाविवाहाचा कायदा व्हायला अजून साठ-सत्तर वर्षं होती. पण रूढीपुढे हा बेत सोडून द्यावा लागला. हाताशी हजारो स्वार असलेला सरदार एका लेकीचं लग्न लावू शकला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात सुधारक आणि सनातनी भांडले, तेव्हा हा दाखला पुन्हा वर आला.

खर्ड्यानंतर सात महिन्यांत सवाई माधवराव गेले आणि पुण्यात खुर्चीचा खेळ सुरू झाला. नाना फडणवीसांनी भाऊंना शिवनेरीवर पाठवलं. तिथे गाईचं शेपूट हातात धरून, गोदावरीची शपथ घेऊन त्यांनी बाजीरावाला गादीचा शब्द दिला आणि पुण्यात आणलं. पण काही महिन्यांतच त्यांनी बाजू बदलली आणि बाजीरावाच्या धाकट्या भावाला, चिमाजीअप्पाला पेशवा केलं. रणातला मुरब्बी सरदार राजकारणात कच्चाच निघाला. नानांनी डाव उलटवला, भाऊ कैदेत पडले. तिकडे कोल्हापूरकरांनी पटवर्धनांचा मुलूख मारला आणि तासगावचा वाडाही जाळला.

१७९८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी उठाव केला, तेव्हा बाजीरावाला पुन्हा हाच म्हातारा सरदार आठवला. सुटका झाली, साताऱ्याचं काम झालं. मग निघाली कोल्हापूरची मोहीम. ती पेशव्यांचीही होती आणि जळालेल्या वाड्याचीही.

सप्टेंबर १७९९. निपाणीजवळच्या पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी गाठ पडली आणि भाऊ मारले गेले. १७७९ ला सुरू केलेलं तासगावचं देऊळ याच वर्षी पूर्ण झालं.

बापाचा सूड घ्यायला मुलगा रामचंद्रराव, म्हणजे अप्पा, याने कोल्हापूरला वेढा घातला. पण मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस वारले, पुण्याचे वारे फिरले आणि वेढा उठवावा लागला. १८११ मध्ये भावाभावांत वाटणी झाली, अप्पांकडे जमखंडी आणि गणपतरावांकडे तासगाव. १८४८ मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी तासगाव खालसा केलं.