भूमिगत अरण्याचा अभ्यासक : यूजेन वार्मिंग

झाडाची थोरवी आपण बहुधा त्याच्या उंचीवरून ठरवितो. वडाचा विस्तार, माडाचा सरळपणा, आंब्याची दाट छाया यांचे आपणांस कौतुक वाटते. मुळांकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. डेन्मार्क देशातील एका तरुणाने असे वाकून पाहिले, आणि त्यातून वनस्पतिशास्त्राची एक नवी शाखा आकारास आली. त्या शास्त्रज्ञाचे नाव यूजेन वार्मिंग.

वार्मिंग यांचा जन्म 3 नोव्हेंबर 1841 रोजी डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळील मांडो नावाच्या चिमुकल्या बेटावर झाला. वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. यूजेन अगदी लहान असतानाच पितृछत्र हरपले, आणि माता आपल्या एकुलत्या मुलाला घेऊन भावाच्या आश्रयाला गेली. रीबे या प्राचीन नगरात शालेय शिक्षण पुरे करून 1859 साली त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासास आरंभ केला. तो अभ्यास पुरा होण्यापूर्वीच एक विलक्षण संधी चालून आली.

पीटर विल्हेल्म लुंड हे डॅनिश संशोधक ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील लागोआ सांता या खेड्यात अनेक वर्षे राहत होते. तेथील चुनखडीच्या गुहांत त्यांना नामशेष झालेल्या प्राण्यांचे असंख्य अवशेष सापडले होते, आणि त्यामुळे युरोपात त्यांची कीर्ती पसरली होती. त्यांना एक लेखनिक हवा होता. 1863 साली वार्मिंग यांनी ते काम पत्करले आणि महासागर ओलांडून ते त्या दूरच्या खेड्यात दाखल झाले. तेथे त्यांनी तीन वर्षे काढली. लेखनिकाचे काम सांभाळून उरलेला वेळ ते भोवतालच्या माळावर वनस्पती गोळा करण्यात घालवीत.

तो माळ ‘सेरादो’ या नावाने ओळखला जातो. गोव्यातील जुन्या पिढीच्या वाचकांस हा पोर्तुगीज शब्द अपरिचित वाटू नये. त्याचा अर्थ ‘दाट’ किंवा ‘बंद’. सर्वत्र गवत, मधूनमधून जाड सालीची वेडीवाकडी खुजी झाडे, असे त्याचे स्वरूप. सुमारे मे ते सप्टेंबर या काळात तेथे पाऊस जवळजवळ नसतो. कोरड्या ऋतूच्या अखेरीस गवताला वणवे लागतात आणि कोसच्या कोस जमीन काळीठिक्कर पडते. प्रथमच पाहणाऱ्याला वाटावे, की येथे आता काहीच उरले नाही.

पण नवल घडते ते यानंतरच! पावसाचा थेंबही पडलेला नसताना त्या राखेतून काही दिवसांतच हिरवे कोंभ वर येतात आणि काही वनस्पती तर पानांआधीच फुलतात. हे बळ येते कोठून? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. यातील अनेक वनस्पतींच्या मुळाच्या व खोडाच्या संधीपाशी लाकडासारखी कठीण, फुगीर गाठ असते. 1900 साली लिंडमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘झायलोपोडियम’ हे नाव दिले. आपण तिला काष्ठकंद म्हणू. या गाठीवर सुप्त डोळे असतात. काही वनस्पतींच्या भूमिगत अवयवांत पिष्ट किंवा इन्युलिनसारखी साखर साठविलेली असते, काहींत पाणीही असते. माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही. वर ज्वाळा भडकत असताना चार-पाच सेंटिमीटर खोलीवर तापमान फारच थोडे वाढते. त्यामुळे वरचा भाग जळून गेला तरी खालचे डोळे जिवंत राहतात आणि साठविलेल्या अन्नावर नवे कोंभ पोसले जातात.

काही वनस्पतींचा तर सारा संसारच भूमिगत. ‘अँडिरा’ नावाच्या एका जातीची झुडपे माळावर सुटी सुटी दिसतात. परंतु उकरून पाहावे तो ती एकाच वनस्पतीच्या, कित्येक मीटर पसरलेल्या भूमिगत खोडाच्या फांद्यांची टोके निघतात. जणू एखादा वृक्ष गळ्यापर्यंत पुरलेला असावा! आपल्या ओळखीचे उदाहरणही देता येईल. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून ज्या काजूला आपल्या किनाऱ्यावर आणले, त्याचा एक भाऊबंद सेरादोत वाढतो. त्याचे झुडूप जेमतेम गुडघाभर असते. त्याचा लाकडी भाग बहुतांशी मातीखाली असतो.

या माळासंबंधी एक मोठा प्रश्न होता. लुंड यांचे मत असे, की पूर्वी येथे घनदाट अरण्य होते आणि माणसांनी लावलेल्या आगींनी ते नष्ट होऊन माळ झाला. वार्मिंग यांना हे पटले नाही. ज्यांच्या आश्रयाने आपण तीन वर्षे काढली त्या वडीलधाऱ्या विद्वानाशी मतभेद दर्शविणे सोपे नव्हते. त्यांनी घाई केली नाही. 1866 साली मायदेशी परतल्यावर आपला वनस्पतिसंग्रह त्यांनी पन्नासांहून अधिक तज्ज्ञांच्या साहाय्याने अभ्यासिला. 1892 साली, म्हणजे परतीनंतर सव्वीस वर्षांनी, ‘लागोआ सांता’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वणव्याचा परिणाम त्यांनी नाकारला नाही. परंतु माळाचे मूळ कारण हवेचा व जमिनीचा कोरडेपणा असून तेथील वनस्पती त्या परिस्थितीला अनुरूप घडलेल्या आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले.

मधल्या काळात ते स्टॉकहोम येथे आणि 1885 पासून कोपनहेगन येथे प्राध्यापक होते. 1884 साली त्यांनी ग्रीनलंडची हिमभूमी पाहिली. उष्ण माळ आणि बर्फाळ किनारा यांची तुलना करता करता त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला : वनस्पतींची केवळ नावे लावून भागत नाही; त्या कोठे, कोणाच्या सोबतीने आणि कशा तगतात हे पाहिले पाहिजे. याच विचारावर 1895 साली त्यांचा ‘वनस्पतिसमाज’ हा ग्रंथ उभा राहिला. तो जर्मन व इंग्रजी भाषांत गेला, आणि परिस्थितिविज्ञानाचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. 2 एप्रिल 1924 रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वार्मिंग यांचे सारेच म्हणणे टिकले काय? नाही. 1940 नंतरच्या दशकात साओ पाउलो विद्यापीठातील रॉविट्शर, फेर्री आदी संशोधकांनी खोल खणून दाखविले, की सेरादोच्या मातीत कोरड्या ऋतूतही खाली भरपूर ओल असते. पुढे मातीतील पोषक द्रव्यांची उणीव आणि ॲल्युमिनियमचे आधिक्य यांचेही महत्त्व कळले. 2009 साली आनुवंशिक अभ्यासातून असे आढळले, की वणव्याला तोंड देणाऱ्या अनेक वनस्पती-कुळशाखा येथे गेल्या एक कोटी वर्षांच्या आत, आणि पुष्कळशा तर गेल्या चाळीस लक्ष वर्षांत, उदयास आल्या. म्हणजे आगीचे महत्त्व वार्मिंग यांनी मानले त्याहून अधिक होते. तरीही त्यांचा मुख्य मुद्दा खरा ठरला. माणूस त्या खंडात पाऊल ठेवण्यापूर्वीपासून हा माळ होता. तो अरण्याचा भग्नावशेष नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, हा वाद केवळ पुस्तकी नाही. सेरादोचा विस्तार सुमारे वीस लक्ष चौरस किलोमीटर होता. त्यातील जवळजवळ अर्धा भाग सोयाबीन, चराऊ कुरणे इत्यादींसाठी मोडला गेला आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, अशी समजूत असली की नांगर घालताना हात कचरत नाही. आगीतून पुनःपुन्हा उठणारी वनस्पती नांगराने तिचा काष्ठकंद उखडला की मात्र सहसा उठत नाही; आणि तो कंद पुन्हा तयार होण्यास किती वर्षे लागतील, याचा हिशेब नांगरणारा करीत नाही. म्हणून कोणत्याही उघड्या माळाला ओसाड म्हणण्यापूर्वी त्याच्या मातीखाली काय आहे ते पाहावे, ही वार्मिंग यांची शिकवण आपण ध्यानी धरावी.