गुलामीत जन्मलेला मार्शल, ज्याने स्वतःच्या पोराचं वॉरंटही मागून घेतलं

जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकांचा फॉर्म्युला ठरलेला होता. दरोडेखोर लूट घेऊन पळणार, बिल्ला लावलेला मार्शल घोड्यावरून माग काढणार आणि शेवटी बंदुका निघणार. १९५५ ते १९७५ अशी २० वर्षं चाललेली ‘गनस्मोक’ घ्या किंवा मुखवटेवाला ‘लोन रेंजर’, हिरो मात्र गोराच.

पण या मालिका ज्या काळावर बेतल्या होत्या, त्या काळातला एक खराखुरा मार्शल कृष्णवर्णीय होता. गुलामीत जन्मलेला होता. आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

त्याचं नाव बॅस रीव्हज.

१८३८ साली आर्कान्सामध्ये त्याचा जन्म झाला. रीव्हज हे आडनावसुद्धा मालकाचं. मालकाचं कुटुंब टेक्सासला गेलं, तसा बॅसही गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि त्या धामधुमीत तो पळाला. पोहोचला थेट इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. तिथे मूळनिवासी जमातींमध्ये राहून तो त्यांच्या भाषा शिकला, वाटा-आडवाटा शिकला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. बॅस आर्कान्सात परतला आणि शेती करू लागला.

आता या टेरिटरीचा विषय काय होता, तर जमातींच्या कोर्टाला बाहेरून आलेल्या माणसावर खटला चालवता यायचा नाही. त्यामुळे आजूबाजूच्या राज्यांतले गुन्हेगार इथे येऊन लपायचे. त्यांना पकडायची जबाबदारी आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या फेडरल कोर्टाची. १८७५ साली तिथे आयझॅक पार्कर हे न्यायाधीश आले आणि डेप्युटी मार्शलांची भरती सुरू झाली. टेरिटरीची खडानखडा माहिती असलेल्या बॅसला बिल्ला मिळाला.

ठरावीक पगार नव्हता. किती लोक पकडले, किती मैल फिरला, त्यावर पैसे. बॅस निघण्याआधी सगळी वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि पाठ करायचा. मग सोबत स्वयंपाकी आणि गाडी घेऊन कितीतरी आठवडे फिरायचा.

त्याचा एक किस्सा हमखास सांगितला जातो. दोन फरार भावांना पकडायला तो भिकाऱ्याच्या वेशात २८ मैल चालत त्यांच्या आईच्या घरी गेला. पोलीस मागे लागलेत अशी थाप मारून त्याने आसरा मिळवला. रात्री पोरं घरी येऊन झोपली आणि सकाळी जागी झाली ती हातात बेड्या घेऊनच.

३२ वर्षांत ३ हजारांहून जास्त अटका त्याच्या नावावर सांगितल्या जातात.

पण कायद्याने त्यालाही सोडलं नाही. १८८४ मध्ये त्याच्या बंदुकीच्या गोळीने त्याचाच स्वयंपाकी मेला. बंदूक चुकून उडाली, असं बॅसचं म्हणणं होतं. १८८७ मध्ये तो पार्कर यांच्याच कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिला आणि निर्दोष सुटला.

खरी परीक्षा पुढेच होती. १९०२ साली त्याचा मुलगा बेनी याने स्वतःच्या बायकोचा खून केला. बापाला कसं सांगायचं, म्हणून बाकीचे डेप्युटी कचरत होते. बॅसने ते वॉरंट मागून घेतलं आणि पोराला आणून हजर केलं. बेनीला जन्मठेप झाली.

ज्या कायद्यासाठी त्याने पोटच्या पोराला सोडलं नाही, त्या कायद्याकडून त्याला काय मिळालं?

नोव्हेंबर १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. टेरिटरी संपली, बॅसची नोकरीही संपली. नव्या विधिमंडळात पहिला कायदा झाला तो कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे आणि वेटिंग रूम वेगळे ठेवण्याचा. ज्या प्रदेशात त्याने गोऱ्या गुन्हेगारांनाही बेड्या घातल्या, तिथेच आता त्याला वेगळ्या डब्यात बसायचं होतं.

सत्तरीकडे आलेला बॅस मस्कोगी शहरात साधा पोलीस म्हणून गस्त घालू लागला. १२ जानेवारी १९१० रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने तो गेला.

‘लोन रेंजर’ त्याच्यावरूनच सुचला असं बरेच जण म्हणतात, पण त्याला ठोस पुरावा नाही. ज्या फोर्ट स्मिथमधून तो वॉरंट पाठ करून निघायचा, तिथे २०१२ साली त्याचा घोड्यावरचा पुतळा उभारला गेला. तोवर त्याला जाऊन १०२ वर्षं झाली होती.