राजेबहादूर खेम सावंत आणि पेडणे महाल

सुंदरवाडीच्या, म्हणजेच आजच्या सावंतवाडीच्या गादीवर इ. स. १७५५ ते १८०३ अशी अठ्ठेचाळीस वर्षे राहिलेले तिसरे खेम सावंत भोसले हे गोमंतकाच्या इतिहासात प्रामुख्याने आठवले जातात ते त्यांनी गमावलेल्या मुलखामुळे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल त्यांच्याच कारकीर्दीत पोर्तुगिजांच्या हाती गेले. एवढ्यावरून त्यांना दुर्बळ ठरविणे मात्र न्यायाचे होणार नाही.

वाडीचे राज्य लहान आणि शेजारी बलाढ्य. घाटमाथ्यावर कोल्हापूरकर छत्रपती, त्यांच्यापलीकडे पेशवे, दक्षिणेस पोर्तुगीज, आणि समुद्रात इंग्रज. या चौघांशीही खेम सावंतांना वेळोवेळी झुंजावे लागले, तेही बहुधा एकट्याने. इ. स. १७६३ मध्ये त्यांचा विवाह ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. त्या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहादूर हा किताब मिळाला. हा मान कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत सलला. त्यांनी वाडीवर स्वारी करून काही डोंगरी किल्ले घेतले. शिंद्यांच्या वजनामुळे ते पुढे परत मिळाले खरे, पण वैर काही मिटले नाही. समुद्रावर वाडीची गलबते परक्या जहाजांना लुटीत. त्यावरून चिडून इंग्रजांनी इ. स. १७६५ मध्ये रेडीचा यशवंतगड जिंकला, आणि तो सोडवून घेताना वाडीकरांना मोठा भुर्दंड पडला.

पोर्तुगीज ही संधी पाहतच होते. पेशव्यांशी झालेल्या युद्धात १७३९ साली वसई गमावल्यापासून त्यांना गोव्याभोवती संरक्षक मुलूख हवा होता. इ. स. १७८१-८२ मध्ये त्यांनी डिचोली व सत्तरी हस्तगत केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापूरकरांचा रेटा पुन्हा असह्य झाला, तेव्हा खेम सावंतांनी ज्यांनी डिचोली घेतली होती त्याच पोर्तुगिजांकडे मदत मागितली. त्या मदतीचे मोल म्हणून १७८८ साली पेडणे महाल त्यांना द्यावा लागला. शेजाऱ्याच्या भयाने दूरच्या दर्यावर्दी सत्तेचा आधार घ्यावा आणि आधार देणाऱ्यानेच घर बळकवावे, हा प्रकार पुढे अन्यत्रही घडला. सयाम व अनाम यांच्या कात्रीत सापडलेल्या कंबोडियाच्या नरोदम राजाने १८६३ साली फ्रेंचांचे संरक्षण पत्करले. १८८४ साली त्याच फ्रेंचांनी त्याच्याकडून राज्यकारभाराचे अधिकार करार लादून काढून घेतले.

त्या काळचा एक विरोधाभास मनाला लागतो. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा बक्षी याच सुमारास उत्तरेत महादजी शिंद्यांच्या फौजेत मोठ्या अधिकारावर होते, आणि इकडे त्यांची जन्मभूमी परक्यांच्या ताब्यात जात होती.

बारदेश-तिसवाडीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती. नव्या काबिजादीत मात्र लोकांच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, असे पोर्तुगिजांनी मान्य केले. सत्ता टिकवायची तर दुसरा मार्गही नव्हता. त्यामुळे डिचोली-पेडण्यातील देवस्थाने राहिली आणि त्यांच्या आश्रयाने मराठी कीर्तन-पुराणही टिकले. पेडण्याच्या देशप्रभूंसारख्या वतनदार घराण्यांनी नव्या राजवटीशी जुळवून घेतले. सत्तरीतील राण्यांनी मात्र पुनःपुन्हा शस्त्र उचलले. दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

खेम सावंत १८०३ साली निपुत्रिक वारले. वारशाचा तंटा दोन वर्षे चालला. १८०५ मध्ये लक्ष्मीबाईंनी रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब या बालकास दत्तक घेतले, पण त्याचा पुढे अंथरुणातच गळा दाबून खून झाला. १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांना द्यावे लागले, १८१९ साली वाडी त्यांच्या संरक्षणाखाली गेली आणि १८३८ मध्ये तिचा कारभारही त्यांनी आपल्याकडे घेतला. पेडणे महालावरील पोर्तुगीज अंमल १९६१ च्या डिसेंबरात, एकशे त्र्याहत्तर वर्षांनी संपला.