तुकोबांचे कडक शब्द शाळेच्या पुस्तकात का नाहीत? देहूच्या वाण्याची न सांगितली जाणारी बाजू

कासारवाडी : आषाढी वारीत आकुर्डीचा मुक्काम आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघते, ती कासारवाडीवरून पुण्याला जाते. रात्रपाळी करून आलेले कामगार, दप्तर घेतलेली पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, सगळे रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे असतात. त्या पोरांच्या पुस्तकातही तुकोबा आहेत. पण तिथले तुकोबा गोड बोलतात. गाथेतले तुकोबा गोड बोलतात, तसेच चांगले झोडपूनही काढतात. त्यांच्या कित्येक अभंगांत असे शब्द आहेत, की वर्गात मोठ्याने वाचायचे म्हटलं तर गुरुजींना घाम फुटेल.

मग अशी गाथा शाळेत चालावी की नको? हे ठरवण्याआधी तो माणूस कसा जगला, हे बघायला हवं.

तुकोबांचा जन्म देहूचा, साल बहुतेक अभ्यासक १६०८ धरतात. जात कुणबी, धंदा वाण्याचा. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात शेती, दुकान, सावकारी आणि गावची महाजनकी. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. थोरल्याचं मन संसारात नव्हतं, म्हणून लहान वयातच दुकानाची जबाबदारी तुकोबांवर आली. पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातली जिजाबाई दुसरी करून आणली.

सतरा-अठराव्या वर्षी आईवडील गेले. भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. त्यात १६२९-३० चा मोठा दुष्काळ पडला. माणसं रस्त्यात मरून पडली, गावं ओस पडली. तुकोबांचं दिवाळं निघालं. रखमाबाई उपाशी गेली, पाठोपाठ लहानगा संतूही गेला. गावात पत गेली, लोक हसायला लागले.

तुकोबा डोंगरावर जाऊन बसले. इंदोरीजवळचा भंडारा आणि चाकणजवळचा भामचंद्र हे ते डोंगर. आज त्यांच्या पायथ्याच्या भागात कारखान्यांचे पत्रे चमकतात. परत आल्यावर त्यांनी कान्होबाला बोलावलं आणि लोकांकडच्या येण्याच्या कागदांची निम्मी वाटणी त्याच्या हातात दिली. स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. म्हणजे कर्जदारांची कर्जं एका फटक्यात माफ. दुष्काळात बुडालेल्या कुळांकडून वसुली करायची नाही, असं ठरवणारा हा सावकार होता.

पुढे त्यांनी अभंग रचायला सुरुवात केली. ते लिहून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, तेली समाजाचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. ही भाषा पोथीची नव्हती. बाजारात, शेतात, घाण्यावर, पाणवठ्यावर जी मराठी बोलली जायची, तीच अभंगात आली. त्यात लोण्यासारखे शब्द होते आणि पायताणासारखेही होते.

हे पायताण कुणाच्या पाठीत बसलं, ते महत्त्वाचं आहे. अंगाला राख फासून गांजा ओढणारे आणि लोकांना लुबाडणारे भोंदू त्यांनी झोडपले. पोरीचे पैसे घेऊन लग्न लावणारा बाप सोडला नाही. कीर्तनाचा धंदा करणारे सोडले नाहीत, तोंडाने ब्रह्मज्ञान सांगून आत लोभ धरणारे पंडितही नाहीत. आईबापाला छळणाऱ्या पोराला तर त्यांनी सरळ गाढवाच्या पंक्तीला बसवलं. संकटात देव धावेना, तेव्हा विठ्ठलालाही चार शब्द सुनावले. घरात जिजाबाई चिडून काय काय बोलते, तेही अभंगात लपवलं नाही. संसाराचा सगळा भार तिच्यावर पडला होता, तिच्या रागाला कारण होतं.

दीनदुबळ्यावर, भुकेल्यावर, रंजल्या-गांजल्यावर मात्र त्यांनी कधी तोंड सोडलं नाही. कडक शब्द कायम ढोंगी आणि वरचढ माणसासाठी राखून ठेवले.

साहजिकच शत्रू तयार झाले. देहूतल्या मंबाजी गोसाव्याने त्यांना काट्यांनी मारल्याचं चरित्रकार सांगतात. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप वेगळा होता. शूद्राने वेदाचा अर्थ मराठीत सांगायचा कसा, हा तो आक्षेप. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पुढे रामेश्वर भट तुकोबांचेच शिष्य झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तक बुडवणाऱ्यांना शिव्यांची अडचण नव्हती. कोण बोलतंय आणि काय बोलतंय, ही अडचण होती. पुस्तकावर बंदी मागताना पुष्कळदा कारण एक सांगितलं जातं आणि दुखणं दुसरंच असतं.

शके १५७१ मध्ये, म्हणजे मार्च १६५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. तीच आपली तुकाराम बीज. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. त्यांच्या पोटी जन्मलेल्या नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला.

गाथा हस्तलिखितांत आणि वारकऱ्यांच्या तोंडी टिकली. इंग्रजी अमलात मुंबई सरकारने २४ हजार रुपये मंजूर केले. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या हस्तलिखितांवरून शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी साडेचार हजारांहून जास्त अभंगांची गाथा तयार केली. ती १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. त्यात कडक शब्द जसेच्या तसे छापले.

कात्री लागली ती पुढे, शाळेच्या आणि भाषणाच्या वाटेवर. एका प्रसिद्ध अभंगात तुकोबा म्हणतात की सज्जनाला आम्ही अंगावरची लंगोटीसुद्धा काढून देऊ आणि नाठाळाला काठीने बडवू. गाथेत त्या लंगोटीआधी शरीराच्या मागच्या भागाचा, गावात रोज ऐकू येणारा शब्द आहे. शाळेत आणि व्यासपीठावर तिथे बहुतेक वेळा ‘कासेची’ हा सभ्य शब्द ऐकू येतो. बऱ्याच जणांना मूळ शब्द माहीतच नाही.

हा प्रश्न तुकोबांवर थांबत नाही. बा. सी. मर्ढेकर जन्मले खानदेशात फैजपूरला. त्यांच्या १९४७ च्या ‘काही कविता’ या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. ज्यांना त्या दिवसांत कोर्टात उभं केलं, ते आज मराठीच्या अभ्यासक्रमातले मोठे कवी आहेत.

पालकांची काळजी खोटी नाही. पोरगं घाण शब्द उचलतं आणि आईसमोर बोलतं, हे कुणाला आवडेल? पण ते शब्द पोरं गाथेतून शिकत नाहीत. ते एसटी स्टँडवर, कट्ट्यावर आणि हातातल्या मोबाईलवर फुकट मिळतात. तिथे शिवी दुबळ्याला दिली जाते, आईबहिणीवरून दिली जाते आणि सगळे हसतात. गाथेत तो शब्द अन्याय करणाऱ्याच्या अंगावर जातो. हा फरक पोराला कुणी समजावला, तर तो शब्द उगाच तोंडात घोळवणार नाही.

गावोगावच्या सप्ताहात गाथेचं पारायण होतं. आजी, सून आणि नातू एका ओळीत बसून वाचतात. कडक अभंग आला म्हणून कुणी पान उलटत नाही आणि त्यामुळे कुठलं गाव बिघडल्याचं कुणी सांगत नाही. चौथीच्या पोराला कोणते अभंग द्यायचे आणि नववी-दहावीच्या पोराला कोणते, हे गुरुजींनी वय बघून जरूर ठरवावं. त्याला निवड म्हणतात. पण आख्खी गाथा शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवली, तर ती पुन्हा एकदा इंद्रायणीत टाकल्यासारखंच होईल.