शेंगदाण्याआधीचा कार्व्हर

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ तुम्ही वाचलेलं असणार. नसेल तर घरातल्या कपाटात एक प्रत नक्की सापडेल. दहावीच्या निकालानंतर कुणा ना कुणा मावशीने दिलेली. १९८१ सालचं हे पुस्तक आजही मराठी घरांत हातोहात फिरतंय. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटलं की आपल्याला पटकन आठवतात शेंगदाणे आणि त्यापासून केलेल्या शेकडो वस्तू. (जाता जाता, पीनट बटरचा शोध त्याने लावलेला नाही. तसे फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका.)

आज शेंगदाणे बाजूला ठेवू. बोलू त्याच्या कुंड्यांबद्दल. कारण शास्त्रज्ञ व्हायच्या कितीतरी आधी हा मुलगा लोकांची मरायला टेकलेली झाडं वाचवत होता. तुमच्या होस्टेलच्या खिडकीत एखादा मनी प्लांट पिवळा पडत असेल, तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

झुडपांत लपवलेली बाग

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास झाला. ‘सुमारास’ म्हणायचं, कारण गुलामांच्या मुलांची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर हा शेतकरी राहायचा. जॉर्जची आई मेरी त्याची गुलाम. जॉर्ज तान्हा असताना लुटारूंच्या टोळीने मायलेकरांना पळवून नेलं. बाळ परत मिळालं, आई कधीच मिळाली नाही. गुलामगिरी संपली तरी हा पोरका मुलगा मोझेस आणि त्याची बायको सुझन यांच्याकडेच वाढला.

जॉर्ज सतत आजारी असायचा. शेतातली जड कामं झेपायची नाहीत, म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणं आणि शिवण शिकला. उरलेला वेळ रानात. तिथून तो फुलझाडांची रोपं उकरून आणायचा आणि घरापासून थोड्या अंतरावर, झुडपांच्या आड लावायचा. आड का? कारण त्या भागात फुलांवर वेळ घालवणं म्हणजे निव्वळ खुळेपणा समजला जायचा. रोप काढताना मूळ तुटलं तर हा मुलगा रडत बसायचा.

इथे जरा थांबा. तुमचंही असं काहीतरी आहे ना, जे तुम्ही घरी सांगत नाही? ‘यातून काय मिळणार’ हा प्रश्न नको म्हणून लपवलेलं? जॉर्जची ती बाग तशीच होती.

पण बाग फार दिवस लपली नाही. त्याने हात लावलेलं झाड जगतं हे हळूहळू सगळ्यांना कळलं. लोक आपापली आजारी झाडं घेऊन त्याच्याकडे यायला लागले आणि या लहान मुलाला नाव पडलं, झाडांचा डॉक्टर. ज्या गावच्या शाळेत काळा म्हणून त्याला बसू देत नव्हते, त्याच गावात ही त्याची पहिली डिग्री!

त्याच्याकडे पुस्तकं नव्हती. होतं ते बघणं. रानात कुठलं झाड सावलीत सुखाने राहतं, कुठलं खडकाच्या फटीत वाढतं, कुणाला ओल लागते, हे तो रोज पाहत होता. आपण नेमकं हेच करत नाही. कुंडी आणतो, आपल्याला शोभेल तिथे ठेवतो आणि रोज प्रेमाने पाणी ओततो. घरातली बरीच झाडं तहानेने मरतच नाहीत, जास्त पाण्याने मरतात. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिखल राहिली की मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडतात. मग आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी ओततो! म्हणून आधी बोट मातीत पेराएवढं घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आणि कुंडीच्या तळाला भोक आहे का, तेही बघा.

पत्ता बदलला, झाडं नाही

शिकायचं म्हणून जॉर्जने लहानपणीच घर सोडलं. आधी जवळच्या निओशो गावी, मग कॅन्सस राज्यात. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो फी भरायचा. १८७९ मध्ये फोर्ट स्कॉट गावात गोऱ्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि ते गाव सोडलं. १८८५ मध्ये हायलँड इथल्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला. हा तिथे पोहोचला. कातडीचा रंग पाहून त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

अ‍ॅडमिशन हुकल्यावर काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे तर मार्कांचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या वर्षी तो पश्चिम कॅन्ससमध्ये गेला. झाड औषधालाही नाही असा तो गवताळ माळ. तिथे त्याने जमीन घेतली, मातीच्या ढेकळांचं घर बांधलं आणि सतरा एकर हाताने नांगरली. आणि त्या घराला लागून झाडं, फुलं ठेवायला एक छोटी जागा केली. विचार करा, कॉलेज नाही, पैसा नाही, जवळचं माणूस नाही. पण कुंड्या आहेत. ज्याला कुठेच जागा मिळत नव्हती, तो झाडांसाठी मात्र जागा करत होता.

चित्रातली फुलं, हरितगृहातली फुलं

१८९० मध्ये आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजने त्याला घेतलं. विषय कोणता? चित्रकला! तो चित्रंही फुलांचीच काढायचा. त्याच्या युका आणि निवडुंगाच्या चित्राची १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दखल घेतली गेली. पण त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांना काळजी होती, की काळ्या माणसाचं पोट चित्रांवर भरणार कसं? याला झाडांचं किती कळतं हे त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांचे वडील एम्समधल्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. बाईंनी त्याला तिकडे जायला सुचवलं.

१८९१ मध्ये तो एम्सला गेला. त्या कॉलेजातला पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला जेवायला इतर मुलांच्या पंक्तीला नाही, तर तळघरात नोकरांबरोबर. पण हरितगृहात तो राजा होता. अमरिलिसच्या, म्हणजे आपल्या नर्सरीत ‘लिली’ म्हणून मिळणाऱ्या त्या मोठ्या लाल फुलाच्या कंदांवर त्याने संकराचे प्रयोग केले. १८९४ मध्ये पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता, माणसाने वनस्पतींमध्ये घडवलेले बदल. हरितगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. एका प्राध्यापकांचा लहान मुलगा त्याचं बोट धरून फुलं बघत हिंडायचा. हेन्री वॉलेस त्याचं नाव. तो पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला.

कोटावरचं फूल

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तो अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेला आणि जॉर्जचे ‘कार्व्हर सर’ झाले. सरांनी राहायला दोन खोल्या मागितल्या. एक स्वतःला आणि एक जमवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांना! इतर अविवाहित शिक्षक एका खोलीत दोघे राहत होते, त्यामुळे त्यांना राग आला. सर बधले नाहीत.

बाहेर कापसाने चोथा झालेली जमीन होती आणि कर्जात बुडालेले काळे शेतकरी. त्यांच्यासाठी सरांनी केलेलं काम तुम्ही पुस्तकात वाचलं आहेच. पण १९०९ ची त्यांची एक पुस्तिका फारशी कुणाला आठवत नाही. तिचा विषय होता, आसपासच्या रानात मिळणारी शोभेची झाडं. गरिबाच्या अंगणातही सुंदर झाड हवं आणि त्यासाठी पैसे पडायला नकोत, असा तिचा साधा हिशोब होता. लहानपणी ज्याला खुळेपणा म्हणत, तोच आता शेतीच्या सल्ल्यांच्या रांगेत छापला गेला.

सर कपडे जुनेच घालायचे, पण कोटाला रोज एक ताजं फूल. आपल्याकडे फ्रेशर्स पार्टीचा बुके दुसऱ्या दिवशी मान टाकतो. तोडलेल्या फुलाला मूळ नसतं, देठातल्या नळ्यांतूनच ते पाणी पितं. देठ सुकला किंवा पाणी नासलं की त्या नळ्या बंद होतात. म्हणून देठ बोटभर तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला आणि बुके उन्हापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. दोन-तीन दिवस तरी सहज वाढतील.

५ जानेवारी १९४३ ला कार्व्हर सर गेले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचं जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झालं. एका काळ्या माणसाच्या नावाने अमेरिकेने केलेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक. जिथे एका मुलाला आपली बाग लपवावी लागली, ती जमीन आज देश जपतो.

आता हा पेपर बाजूला ठेवा आणि खिडकीतल्या त्या मनी प्लांटकडे जा. पाणी लगेच घालू नका. आधी पानं उलटून बघा, मातीत बोट घाला, ऊन कुठून येतंय ते पाहा. झाडांच्या डॉक्टरनेही सुरुवात बघण्यापासूनच केली होती.