सुमोच्या नावातला माणूस : आधी कारागीर घडवले, मग गाडी

इंझोरी (ता. मानोरा) : सोयाबीनचे कट्टे घेऊन कारंजाच्या मार्केटात निघालेली ४०७ असो, की वऱ्हाडी कोंबून नेणारी सुमो, या गाड्या आपल्याकडे लहान पोरगंही लांबूनच ओळखते. पण त्यामागचा माणूस कोण, हे विचारलं तर थोडेच लोक नाव सांगतील. ते नाव सुमंत मुळगावकर. १९९४ साली आलेल्या सुमोला त्यांच्याच नावातली अक्षरं दिली. सुमंतमधला ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’. गाडी आली तेव्हा ते हयात नव्हते.

मुळगावकरांचा जन्म १९०६ चा, मुंबईचा. लंडनला इंजिनिअरिंग शिकून ते परत आले आणि सिमेंटच्या धंद्यात लागले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रं मिळेनाशी झाली. तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रसामग्री आपल्याच देशात तयार करण्याच्या कामात ते होते. बाहेरून येत नाही तर इथं करू, हा धडा त्यांनी तिथंच गिरवला.

इकडे टाटांनी १९४५ साली रेल्वे इंजिनं बनवायला जमशेदपूरला टेल्को कंपनी काढली होती. ती चालवायला जे. आर. डी. टाटांनी १९४९ मध्ये मुळगावकरांना आणलं. आता पाहा, माणूस सिमेंटचा आणि कारखाना रेल्वे इंजिनांचा! आज मोठ्या कंपन्या वरच्या जागेसाठी माणूस शोधायचं काम एजन्सीला देतात. आणि बहुतेक वेळा त्याच धंद्यात मुरलेला माणूस मागतात. जेआरडींनी धंदा नाही पाहिला, माणसाची कामाची पद्धत पाहिली. ही निवड पुढं टेल्कोला चाळीस वर्षं पुरली.

१९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपुरात ट्रक तयार होऊ लागले. करार १५ वर्षांचा होता. तो १९६९ ला संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंतर नकाशे कोण काढणार, साचे कोण करणार? म्हणून १९५९ मध्येच जमशेदपूरला संशोधन केंद्र सुरू झालं. १९६९ ला ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा गेला, टाटांचा ‘टी’ आला आणि कारखाना थांबला नाही.

त्यांचं खरं काम दिसलं ते पुण्यात. १९६६ पासून पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर टेल्कोचा दुसरा कारखाना उभा राहू लागला. तिथून पहिली गाडी बाहेर पडली १९७७ ला. मधली अकरा वर्षं काय केलं? आधी हत्यारं आणि डाय बनवणारं खातं उभं केलं, शिकाऊ पोरांना तयार करणारा प्रशिक्षण विभाग उभा केला. उजाड जमिनीवर झाडं लावली, तळं केलं. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वावर तयार नसताना बी टाकलं तर काय उगवते, ते आपण जाणतो.

भरतीतल्या एका चुकीचा किस्साही याच काळातला. १९७४ मध्ये टेल्कोनं इंजिनिअरांसाठी जाहिरात काढली आणि मुलींनी अर्ज करू नये असं त्यात छापलं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. कंपनीनं त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं, कामाचे प्रश्न विचारले आणि नोकरी दिली. त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. चांगला माणूस हवा असेल तर अर्ध्या लोकांना दारातच अडवून चालत नाही, हे कंपनी त्या एका पोस्टकार्डानं शिकली.

१९८६ ला ४०७ आली. या छोट्या ट्रकच्या बाजारात तेव्हा जपानी कंपन्यांशी भागीदारी केलेल्या गाड्या उतरल्या होत्या. ४०७ मात्र आपल्याच इंजिनिअरांनी आखलेली. शिकवलेल्या माणसांवर केलेला खर्च असा वसूल झाला. तरी सगळं गोडच होतं असं नाही. १९८८-८९ मध्ये पुण्याच्या कारखान्यात कामगारांचा मोठा संघर्ष पेटला. १९८८ ला मुळगावकर पदावरून उतरले आणि जुलै १९८९ मध्ये गेले. पत्नी लीलाताईंचं स्वेच्छा रक्तदानाचं काम देशभर नावाजलं गेलं होतं.

आज आपल्या तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं पिंपरी, चाकणची वाट धरतात. बरेच जण ठेकेदारामार्फत लागतात, काही महिने राबतात आणि हाती काही न घेता गावाला परततात. जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या मायबापांनी पगाराच्या आधी एक गोष्ट विचारावी : तिथं शिकवणार काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली नोंदणीकृत करार होतो, विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. तो कागद पुढच्या कारखान्यातही चालतो. नुसत्या ठेक्याच्या हजेरीला पुढं कोणी विचारत नाही. मुळगावकरांनी पोरांना शिकवण्यात अकरा वर्षं घातली. आपल्या पोरानं निदान शिकवणारी जागा निवडावी.