पडद्यावरची मोलकरीण

ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती कोण, असे विचारले तर बरेच जण सिडनी पॉटिए यांचे नाव घेतील. त्यांच्या चोवीस वर्षे आधी, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, 'गॉन विथ द विंड' या चित्रपटासाठी हॅटी मॅकडॅनियल यांना सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. समारंभ लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात होता आणि तिथे काळ्यांना मज्जाव होता. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून हॅटींना आत घेतले, पण बसवले सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या लहान टेबलावर. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१८९३ साली कॅन्सस राज्यात जन्मलेल्या हॅटींचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. मुलगी गायिका झाली, नाटकमंडळ्यांबरोबर फिरली. १९२९ च्या मंदीत काम गेले, तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात स्वच्छतागृहात नोकरी केली. हॉलिवूडला आल्यावरही पोटासाठी लोकांच्या घरी राबल्या आणि पडद्यावरही मोलकरीणच झाल्या. ऑस्कर मिळवून देणारी 'मॅमी' मालकिणीच्या घरासाठी जीव टाकते. तिला स्वतःचे घर नाही, मूलबाळ नाही, गुलामगिरीबद्दल तक्रार नाही. ज्यांच्या वडिलांनी गुलामगिरीविरुद्ध बंदूक धरली, त्यांनाच गुलामगिरीत सुखी दिसावे लागले!

अशा चित्रांनी काय होते? केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याच काळात लहान मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. १९५४ च्या शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा आधार घेतला.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' संघटनेचे वॉल्टर व्हाइट अशा भूमिकांवर सडकून टीका करीत. ती टीका आम्हाला रास्त वाटते. पण तिचा सगळा भार हॅटींच्या डोक्यावर टाकणे आम्हाला मान्य नाही. डॉक्टरणीची भूमिका नाकारून त्यांनी मोलकरीण निवडली नव्हती. कथा लिहिणारे, पैसा घालणारे, थिएटरचे मालक सारे गोरे. (आपल्याकडे १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी रंगवायला देविका राणीच लागल्या.)

पडद्याबाहेर मात्र हॅटी वाकल्या नाहीत. लॉस एंजेलिसच्या शुगर हिल वस्तीतून काळ्यांना हुसकावण्यासाठी गोरे शेजारी कोर्टात गेले, तेव्हा त्यांनी इतर काळ्या घरमालकांना एकत्र केले आणि १९४५ मध्ये खटला जिंकला. आम्हाला ऑस्करपेक्षा हा विजय मोठा वाटतो. चित्रपटाच्या इतिहासात तो क्वचितच सांगितला जातो.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावे ही त्यांची शेवटची इच्छा होती. ती दफनभूमी गोऱ्यांसाठी राखीव होती. त्यांना दुसरीकडे रोझडेलमध्ये पुरले. हॉलिवूडच्या त्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडले.